नोंदींची राखण : शाळेच्या संकेतस्थळाचा नित्य बॅकअप

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनमधील अध्ययन अर्धवट सोडून बाबासाहेब मायदेशी परतले, तेव्हा परदेशात जमवलेले बरेचसे ग्रंथ त्यांनी दुसऱ्या जहाजाने रवाना केले होते. महायुद्ध चालू होते. ते जहाज वाटेत टॉर्पेडोने बुडाले आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेली ती पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. हा प्रसंग आपल्या शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याने कधी ना कधी ऐकलेला आहे. पुढे बाबासाहेबांनी दादरच्या राजगृहात त्याहून कितीतरी मोठा संग्रह उभा केला. छापील ग्रंथ पुन्हा मिळवता येतो, कारण त्याच्या प्रती अन्यत्र असतात. जे एकाच ठिकाणी लिहिलेले आहे, ते बुडाले म्हणजे बुडालेच. शाळेच्या संकेतस्थळाविषयी लिहिताना या भेदापासून आरंभ करणे आम्हाला आवश्यक वाटते.

आपले संकेतस्थळ प्रथम केवळ सूचना, निकाल आणि कार्यक्रमांची छायाचित्रे यांपुरते होते. पुढे त्यास माजी विद्यार्थ्यांची नोंदवही जोडली. नाव, गाव, प्रवेशाचे वर्ष, सध्याचा व्यवसाय, आणि सर्वांत शेवटी ‘वसतिगृहातील एक आठवण’ असा मोकळा रकाना. खरे सांगायचे तर तो रकाना आम्ही शोभेपुरता ठेवला होता. परंतु पहिल्या तुकड्यांतील वयोवृद्ध माजी विद्यार्थ्यांनी नातवंडांच्या हातून त्यात जे लिहून घेतले, त्याने आम्ही थक्क झालो. कोणी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन अनवाणी चालत आल्याचे लिहिले, कोणी आयुष्यात प्रथमच स्वतंत्र ताटात पोटभर जेवल्याचे, तर कोणी प्रवेश अर्जावर आईने उमटवलेल्या अंगठ्याचे. शाळेच्या जनरल रजिस्टरात यांची जन्मतारीख सापडेल, दाखल्याचा क्रमांक सापडेल. हे सापडणार नाही. या मजकुराची जगातील एकमेव प्रत एका भाड्याच्या सर्व्हरवर होती.

बॅकअपचा विचार करताना प्रथम संकेतस्थळाचे दोन भाग वेगळे ओळखावे लागतात. छायाचित्रे, मांडणी, कार्यप्रणाली हे सारे फाइलींच्या रूपात असते; त्या सहसा फारशा बदलत नाहीत आणि त्यांची सरळ नक्कल करता येते. लोकांनी भरलेला मजकूर मात्र डेटाबेसमध्ये असतो आणि तो रोज वाढतो. डेटाबेसही शेवटी डिस्कवरील फाइलींतच साठवलेला असतो. मग त्या फाइली उचलून दुसरीकडे ठेवल्या की झाले, असे कोणासही वाटेल. आम्हालाही वाटले होते. परंतु डेटाबेस चालू असताना त्याच्या फाइलींवर क्षणोक्षणी लेखन होत असते. कारकून एका पानावरील रक्कम वजा करून दुसऱ्या पानावर जमा करण्याच्या बेतात असतानाच वहीची झेरॉक्स काढली, तर त्या झेरॉक्समध्ये रक्कम कुठेच दिसणार नाही. तशीच ही नक्कल फसवी ठरते.

म्हणून योग्य मार्ग हा, की डेटाबेसलाच त्याचा मजकूर वाचून दाखवण्यास सांगावे. आपले संकेतस्थळ मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालते. त्यासोबत मायएसक्यूएलडम्प नावाचे साधन मिळते. ते प्रत्येक तक्ता वाचून आज्ञांची एक लांबलचक मजकूर-फाइल तयार करते. ही फाइल कोऱ्या डेटाबेसला दिली की तेच तक्ते, त्याच नोंदींसह पुन्हा उभे राहतात. त्यास ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय दिला, तर काम सुरू झाले त्या क्षणाची स्थिती शेवटपर्यंत धरून ठेवली जाते, आणि त्या वेळी कोणी नोंद भरत असेल तर तिला अडथळा होत नाही. मात्र तक्ते इनोडीबी प्रकारचे असले तरच ही हमी लागू होते. जुन्या संकेतस्थळांवर मायआयसॅम प्रकारचे तक्ते अजूनही आढळतात. ते आधी बदलून घ्यावेत.

आरंभी आम्ही हे काम दर रविवारी हाताने करीत असू. रविवारी परीक्षा आल्या, जयंतीची तयारी आली, कोणाच्या घरचे लग्न आले. नियम मोडायला कारण लागत नाही, एवढेच त्यातून सिद्ध झाले. तेव्हा हे काम यंत्राकडे सोपवले. लिनक्स सर्व्हरवर क्रॉन नावाची व्यवस्था असते. तिच्या वहीत एका ओळीत पाच खुणा लिहावयाच्या : मिनिट, तास, महिन्यातील दिवस, महिना आणि आठवड्याचा वार, आणि त्यापुढे करावयाचे काम. मिनिटाच्या जागी ३०, तासाच्या जागी २ आणि उरलेल्या तिन्ही ठिकाणी तारका लिहिल्या, की रोज रात्री अडीच वाजता ते काम होते. निदान आमचा तसा समज होता. पुष्कळ सर्व्हरची घड्याळे जागतिक प्रमाणवेळेवर लावलेली असतात आणि ती आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असते. त्यामुळे आमची प्रत कित्येक दिवस सकाळी आठ वाजता, ऐन परिपाठाच्या सुमारास निघत होती. आपल्याकडील रात्रीचे अडीच हवे असतील, तर सर्व्हरला २१ वाजताची वेळ द्यावी लागते. आणि मग फाइलीच्या नावात आदल्या दिवसाची तारीख पडते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

निघालेली प्रत जीझिपने आकसून घ्यावयाची, तिच्या नावात तारीख घालावयाची, आणि सात दिवसांहून जुन्या प्रती पुसून टाकावयाच्या, अशी व्यवस्था लागली. रोज एक नवी फाइल दिसू लागली. आम्ही निश्चिंत झालो. आता वाटते, तिथेच आम्ही चुकलो.

गेल्या वर्षावासाच्या काळात सुरक्षिततेसाठी आम्ही डेटाबेसचा पासवर्ड बदलला. संकेतस्थळाच्या मांडणीत तो बदलला. बॅकअपच्या कार्यक्रमात बदलावयाचा राहिला. त्या रात्रीपासून मायएसक्यूएलडम्पला दारातूनच परत पाठवले जाऊ लागले. त्याच्याकडून काहीच आले नाही आणि जीझिपने ते ‘काहीच नाही’ इमानेइतबारे आकसून फाइल तयार केली. रिकाम्या मजकुराची जीझिप फाइल २० बाइटची होते. तेवढी जागा केवळ तिच्या मुखपृष्ठास आणि मलपृष्ठास लागते. दोन कामे एकापुढे एक जोडली असता, वेगळे सांगितले नसेल तर, शेवटचे काम यशस्वी झाले की सगळेच यशस्वी मानले जाते. त्यामुळे कुठेही चूक नोंदली गेली नाही. आणि रोज एक रिकामी फाइल जमा होत असताना जुनी, भरलेली फाइल नियमाप्रमाणे पुसली जात होती. आठवडाभरात सात फाइली उरल्या. सातही योग्य नावांच्या, योग्य तारखांच्या, आणि रिकाम्या.

हे आम्हाला कळले ते आश्विन पौर्णिमेनंतर, जेव्हा दुरुस्ती करताना आमच्याच हातून नोंदवहीचा तक्ता पुसला गेला. दोष दुसऱ्या कोणाचाही नाही. आमच्यापैकी एकाच्या लॅपटॉपवर आषाढ पौर्णिमेच्या सुमारास सहज उतरवून घेतलेली प्रत होती, म्हणून त्याआधीच्या साऱ्या नोंदी परत मिळाल्या. त्या दोन पौर्णिमांमधील नोंदी गेल्या. नवी नोंद आली की कार्यालयाला ईमेल जात असे, त्यावरून नावे कळली. परंतु आठवणीचा मजकूर त्या ईमेलमध्ये नसे. त्यांतील एका ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांचे नंतर निधन झाले. आम्ही भेटीस गेलो, तेव्हा त्यांच्या कन्येने विचारले, “आबांनी सगळं तुमच्याकडंच लिहून दिलं होतं ना?” आम्ही काय उत्तर दिले, ते येथे लिहिण्याजोगे नाही.

ही चूक केवळ आपल्यासारख्या हौशी मंडळींकडूनच होते असे नाही. जगभरातील संगणक-कार्यक्रमकारांचे काम सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याने थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरील डेटाबेस पुसला. मग बॅकअप शोधले, तर नित्याची प्रत तयारच होत नव्हती : डेटाबेसची आवृत्ती ९.६ आणि प्रत काढणारे साधन ९.२ आवृत्तीचे. अपयशाची सूचना देणारे ईमेल स्वीकारलेच जात नव्हते. कोणीतरी सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी काढलेली प्रत हाती लागली, म्हणून बहुतांश वाचले. त्या कंपनीने हे सारे उघडपणे जगापुढे मांडले, याबद्दल आम्हाला तिच्याविषयी आदर वाटतो.

त्यानंतर आम्ही केलेले बदल थोडक्यात सांगतो. जोडलेल्या कामांपैकी कोणतेही एक फसले तर सगळे फसले असे मानण्याची ‘पाइपफेल’ ही सूचना कार्यक्रमाच्या आरंभीच घातली. मायएसक्यूएलडम्प आपले काम पुरे झाल्यावर शेवटी पूर्णतेची एक ओळ लिहितो. ती ओळ आढळल्याखेरीज आणि फाइलीचा आकार कालच्याशी ताडून पाहिल्याखेरीज एकही जुनी प्रत पुसली जात नाही. पासवर्ड आता कार्यक्रमात नसून केवळ मालकास वाचता येईल अशा वेगळ्या फाइलीत आहे. सात दैनिक, चार साप्ताहिक आणि बारा मासिक प्रती राहतात, कारण काही चुका सात दिवसांनी नव्हे, दोन महिन्यांनी लक्षात येतात. आणि यशाचाही ईमेल रोज सकाळी येतो. तो आला नाही, तर विचारपूस सुरू होते. अपयशाच्या ईमेलची वाट पाहण्यापेक्षा हे बरे.

प्रती किती आणि कोठे असाव्यात, याचा पीटर क्रोग या छायाचित्रकारांनी प्रचलित केलेला एक सोपा नियम आहे : प्रती तीन, माध्यमे दोन, आणि त्यांतील एक प्रत दूरच्या ठिकाणी. आपली एक प्रत सर्व्हरवर, एक शाळेच्या संगणक कक्षातील डिस्कवर आणि एक अन्य शहरात आहे. कक्षातील संगणक स्वतः जाऊन आरसिंकने प्रत घेऊन येतो; सर्व्हरला आपल्या संगणकात शिरण्याची मुभा नाही. उद्या सर्व्हरवर कोणी घुसखोरी केली, तरी त्याचा हात या प्रतींपर्यंत पोहोचू नये, हा हेतू.

येथे एक गोष्ट पालकांसाठी मुद्दाम लिहितो. नाव, गाव आणि शाळा एवढ्यावरून शहरात भाड्याचे घर नाकारले जाते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा आहे. अशी नोंदवही गमावणे जितके वाईट, तितकेच ती भलत्याच्या हाती पडणे वाईट. बॅकअपची फाइल संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये पडून राहिली, तर पत्ता ओळखणारा कोणीही ती उतरवून घेऊ शकतो. म्हणून प्रत बाहेर पाठवण्यापूर्वी ती जीपीजीने कुलूपबंद केली जाते. तिची किल्ली दोघा जबाबदार व्यक्तींकडे आणि कार्यालयाच्या कपाटातील मोहोरबंद पाकिटात आहे. किल्ली हरवली तर प्रत असूनही नसल्यासारखी, म्हणून हे पाकीट. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही अशी माहिती जपण्याची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर टाकली आहे.

तरीही या सर्वांहून अधिक भरवसा आम्ही दुसऱ्याच गोष्टीवर ठेवतो. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे भिक्खूंची पहिली संगीति झाली. संगीति म्हणजे एकत्र म्हणणे. श्रीलंकेत वट्टगामणी अभय राजाच्या काळी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, तिपिटक ताडपत्रांवर उतरले. तोवर कित्येक शतके ते भाणकांच्या कंठात होते. एकाचा शब्द चुकला तर शेजारच्याच्या कानाला खटके. पाठ आहे की नाही, हे म्हणून पाहिल्याशिवाय कळत नाही. (रंगूनच्या १९५४ ते १९५६ मधील छट्ठ संगायनेचा पाठ पुढे संगणकावर आणला तो आपल्याच इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने, हे विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांना फार आनंद होतो.)

त्याच न्यायाने दर पौर्णिमेला इयत्ता नववीचे विद्यार्थी संगणक कक्षात आदल्या रात्रीची प्रत घेतात, कोऱ्या डेटाबेसमध्ये ती उभी करतात, नोंदींची संख्या मूळ संख्येशी ताडतात; मग सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी आठवण मोठ्याने वाचतात. पहिल्या खेपेस मराठी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटली. प्रत काढताना अक्षरसंच यूटीएफ-८ एमबी-४ असा सांगावयाचा राहिला होता. फाइलीच्या आकारावरून हे कधीच कळले नसते. एका विद्यार्थिनीने “सर, हे वाचताच येत नाही” म्हटले, म्हणून कळले.

ज्या माजी विद्यार्थ्यांनी गेल्या आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत नोंद भरली होती, त्यांना या स्मरणिकेसोबत स्वतंत्र पत्र पाठवले आहे. झालेल्या हानीबद्दल आम्ही त्यांची क्षमा मागतो आणि आपली आठवण पुन्हा लिहून द्यावी अशी विनंती करतो. संगणकावरच लिहावी असा आग्रह नाही. हाताने लिहिलेला कागद टपालाने आला तरी विद्यार्थी तो टंकलिखित करतील आणि मूळ कागद कार्यालयाच्या कपाटात जपून ठेवला जाईल. ज्यांना लिहिणे जमत नाही, त्यांनी रविवारी सकाळी कार्यालयात फोन करावा. वसतिगृहातील मुले ऐकून उतरवून घेतील, आणि घाई करणार नाहीत.