प्रवासात ड्रोनच्या बॅटरीचे प्रभारण

लहान ड्रोन हवेत साधारणपणे अर्धा तास राहतो. मग त्याची बॅटरी रिकामी होते. घरी ती पुन्हा भरणे सोपे असते, प्रवासात मात्र अडचण उभी राहते. चंडीगडचे उदाहरण घ्यावे. येथील विमानतळाला लागूनच भारतीय वायुदलाचा तळ असल्याने शहरावरील आकाशात ड्रोन उडविण्यावर कडक बंधने आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आकाशाचे तांबडे, पिवळे व हिरवे असे विभाग पाडलेले असून उड्डाणापूर्वी त्यांचा नकाशा पाहणे आवश्यक असते. म्हणून हौशी छायाचित्रकार मोकळ्या विभागाच्या शोधात शिवालिकच्या टेकड्यांपलीकडे शिमल्याच्या बाजूस वळतो. तेथे त्याच्या हाताशी असतो तो मोटारीतील यूएसबी जोड किंवा पिशवीतील पॉवर बँक. त्यांतून बॅटरी भरता येईल काय, आणि किती वेळात?

दाबाचा प्रश्न

ड्रोनमध्ये लिथियमचे घट असतात. या जातीचे घट १९९१ साली बाजारात आले आणि त्यांच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. असा एक घट पूर्ण भरला म्हणजे त्याचा विद्युद्दाब सामान्यतः ४.२ व्होल्ट होतो. साध्या यूएसबी जोडाचा दाब ५ व्होल्ट असतो. एकाच घटावर चालणारा खेळण्यातील ड्रोन त्यावर सहज भरतो. परंतु बहुतेक लहान ड्रोनमध्ये दोन घट एकापुढे एक जोडलेले असतात. ते पूर्ण भरण्यास ८.४ व्होल्ट लागतात.

विहिरीचे पाणी आपोआप पाटात चढत नाही, त्यासाठी मोट लागते. तसेच ५ व्होल्टांवरील वीज ८.४ व्होल्टांवर चढविण्यास दाब वाढविणारे मंडल लागते. त्यातील तारेचे वेटोळे सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणाऱ्या प्रवाहातून ऊर्जा साठवते व वाढीव दाबाने पुढे देते. मात्र दाब वाढला की प्रवाह घटतो, आणि थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

नव्या यूएसबी पद्धतीत जोड आणि उपकरण आधी परस्परांशी संकेतांनी बोलतात व ९, १५ किंवा २० व्होल्ट असा दाब ठरवितात. दोघांनाही ही पद्धत अवगत नसेल, तर दाब ५ व्होल्टच राहतो.

वेळेचे गणित

२,४०० मिलिअँपियर-तास व ७.२ व्होल्ट अशी बॅटरी घेतल्यास तिची ऊर्जा २.४ × ७.२, म्हणजे सुमारे १७.३ वॉट-तास होते. मोटारीतील जोड ५ व्होल्टांवर २ अँपियर देत असेल, तर त्याची शक्ती १० वॉट झाली. दाब चढविताना १५ टक्के वाया गेले असे धरल्यास ८.५ वॉट उरतात. म्हणजे दोन तास पुरतात. पण घागर काठोकाठ येताना नळ बारीक करावा लागतो, त्याप्रमाणे घट पूर्ण दाबास पोहोचल्यावर प्रवाह हळूहळू कमी केला जातो. तेव्हा अडीच तास धरावे. शिमल्याला पोहोचेपर्यंत एक बॅटरी निश्चित भरते. संगणकाच्या जुन्या २.५ वॉटच्या जोडावर याच कामास आठ तासांहून अधिक लागतील.

पॉवर बँकेवर लिहिलेले १०,००० मिलिअँपियर-तास हे तिच्या आतील ३.७ व्होल्टांच्या घटाचे असतात, म्हणजे ३७ वॉट-तास. दोन ठिकाणी १५-१५ टक्के वजा जाता सुमारे २७ उरतात. त्यांतून वरील बॅटरी दीड वेळा भरेल, चार वेळा नव्हे.

दक्षता

शून्य अंशाखाली लिथियमचा घट भरू नये. थंडीत लिथियम घटाच्या आत धातुरूपाने साचू लागते आणि पुढे अंतर्गत मंडलसंक्षेप होऊन आग लागण्याचा संभव असतो. बर्फात उडविलेल्या ड्रोनची बॅटरी आधी अंगाजवळ ठेवून ऊबदार करावी. थंड बॅटरीचा दाब उड्डाणातही एकाएकी घसरतो व यंत्र खाली येते. उलट, उन्हाळ्यात बंद मोटारीत भरण्यास लावून बॅटरी सोडून जाऊ नये. उड्डाणानंतर ती निवू द्यावी. फुगलेली बॅटरी तर कधीच भरू नये. ठेवून द्यावयाची असल्यास ती अर्धी भरलेली असावी.

विमानप्रवासात सुटी बॅटरी व पॉवर बँक हातातील सामानातच न्यावी आणि बॅटरीची टोके झाकावी. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीस सहसा वेगळी परवानगी लागत नाही.

अभ्यासासाठी

१. तीन घटांची बॅटरी पूर्ण भरण्यास किती व्होल्ट लागतील?
२. २०,००० मिलिअँपियर-तासांची, ३.७ व्होल्टांच्या घटांची पॉवर बँक किती वॉट-तासांची? ती विमानात परवानगीवाचून नेता येईल काय?
३. १८ वॉटचा जोड असता वरील बॅटरी किती वेळात भरेल, ते काढा. बॅटरी तेवढी शक्ती घेण्यास समर्थ आहे असे माना आणि १५ टक्के ऊर्जा वाया जाते हे विसरू नका.