कॅरॅव्हानचे मुक्काम : कॅले ते आव्हिन्यों

प्रश्न : कारमागे कॅरॅव्हान जोडून इंग्लंडहून दक्षिण फ्रान्सला प्रथमच जायचे असल्यास वाटेतले मुक्काम कसे ठरवावेत?

उत्तर : कॅले बंदरापासून आव्हिन्यों सुमारे १,००० किलोमीटर आहे. नुसत्या कारने हे अंतर एका दिवसात उरकता येते. मागे कॅरॅव्हान असताना मात्र तीन दिवस धरावेत. रँस आणि बोनच्या परिसरात एकेक रात्र काढली की हिशेब बरोबर बसतो. यात पहिला टप्पा सर्वांत लहान राहतो, आणि ते योग्यच. बोटीचा उशीर आणि उजव्या बाजूने गाडी चालवण्याचा नवखेपणा हे दोन्ही त्याच दिवशी वाट्याला येतात.

महामार्गालगतच्या विश्रांतिथांब्यांवर झोपणे टाळावे, तिथे चोऱ्या होतात. गावोगावचे स्वस्त ‘कॅम्पिंग-कार’ थांबे मोटरहोमसाठी असतात. ओढून आणलेल्या कॅरॅव्हानला तिथे बहुधा मज्जाव असतो. नगरपालिकांची कॅम्पिंगस्थळे साधी पण सोयीची असतात. त्यांपैकी काही दोन आसांची कॅरॅव्हान घेत नाहीत, हे आधी विचारावे. अनेक ठिकाणी दुपारच्या जेवणाच्या वेळी कार्यालय बंद असते, म्हणून चारच्या सुमारास पोहोचणे उत्तम. उजेडात कॅरॅव्हान लावणेही सोपे जाते. जुलै-ऑगस्टमध्ये आरक्षणाशिवाय निघू नये.