कॉइल अडकली तर? : घरच्या पिनबॉलसाठी ‘ठोके’ देणारे पार्ट कसे निवडावेत

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत बगाटेल कोण खेळलं नाही? लाकडी फळी, त्यावर खिळ्यांची अर्धवर्तुळं, एका बाजूला स्प्रिंगची दांडी आणि चकचकीत गोळ्या. पिनबॉल हा त्याच खेळाचा अमेरिकेत जाऊन शिकून आलेला भाऊ. स्प्रिंगच्या दांडीसह सुधारलेल्या बगाटेलचं पेटंट तिथे १८७१ साली माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी घेतलं. १९४७ साली गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ मशीनवर विजेवर चालणारे फ्लिपर आले आणि नुसतं नशिबावर चालणारा खेळ हातात आला.

खरं मशीन आपल्या खिशाच्या बाहेरचं. पण २००० साली ‘व्हिज्युअल पिनबॉल’ हा प्रोग्राम आला आणि जगभरच्या हौशी लोकांनी प्लायवूडच्या पेटीत आडवा टीव्ही बसवून स्वतःची मशीन्स बनवायला सुरुवात केली. यात एकच गोष्ट खटकते. पडद्यावरची गोळी बंपरवर आपटते, पण हाताला काहीच कळत नाही. म्हणून पेटीच्या आत कॉइल आणि मोटर बसवतात. पडद्यावर धडक झाली की त्याच क्षणी आतून ठोका बसतो. यालाच फोर्स फीडबॅक म्हणतात.

गेल्या गणपतीत मी आणि माझ्या आतेभावाने आत्याच्या गिरगावातल्या चाळीत मुलांसाठी असं एक मशीन बनवलं. ते किती भारी झालं हे सांगण्यासाठी हा लेख नाही. पार्ट निवडताना मी जी चूक केली ती तुम्ही करू नये म्हणून आहे.

चूक कुठे झाली?

आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलंत तर अर्धे लोक तुमच्याकडे बघत राहतील). मी प्रत्येक दुकानात एकच प्रश्न विचारत होते, “सबसे जोर से मारनेवाला सोलेनॉइड कौनसा है?” मिळाला. २४ व्होल्ट, कॉइलचा रेझिस्टन्स १२ ओहम. फ्लिपरच्या बटणाला जोडला. असा दणका की आतेभाऊ खूश, मी खूश.

चतुर्थीच्या आदल्या रात्री टेस्टिंग चालू होतं. कॉम्प्युटर हँग झाला. आम्ही म्हटलं, होईल आपोआप चालू, आणि चहा घ्यायला आत गेलो. पण हँग होताना फ्लिपर ‘ऑन’ होता आणि आमच्या आउटपुट बोर्डाने शेवटचा हुकूम इमानदारीने धरून ठेवला. पाच-सात मिनिटांनी जळका वास आला. आतेभावाने धावत जाऊन प्लग ओढला. कॉइलचा प्लास्टिकचा बॉबिन वितळला होता आणि प्लायवूडवर हाताएवढा काळा डाग पडला होता. चाळीचा जिना लाकडी, तुळया लाकडी, खाली अंगणात कापडी मंडप. पुढचं मी लिहीत नाही.

आत्या रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, “कुकरला शिट्टी असते आणि शिवाय सेफ्टी व्हॉल्व्हही असतो. तुमच्या यंत्राला काय आहे?”

काहीच नव्हतं. त्या रात्री मी पहिल्यांदा गणित केलं. २४ व्होल्ट भागिले १२ ओहम म्हणजे २ ॲम्पिअर, म्हणजे ४८ वॅट. हॉस्टेलवर आपण वापरतो ती सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. थोडक्यात, मी प्लायवूडच्या पेटीत जवळजवळ दोन सोल्डरिंग आयर्न एका प्लास्टिकच्या रिळात गुंडाळून ठेवल्या होत्या.

मग हाच सोलेनॉइड इतरांच्या मशीनमध्ये का जळत नाही? कारण ठोका फार छोटा असतो. ५० मिलिसेकंदांच्या ठोक्यात खर्च होते फक्त २.४ ज्यूल ऊर्जा. सेकंदाला दोन ठोके धरले तरी सरासरी ४.८ वॅट. तेवढी उष्णता कॉइल आरामात बाहेर टाकते. याला ड्यूटी सायकल म्हणतात, आणि हा आकडा व्होल्टेजइतकाच महत्त्वाचा आहे. म्हणून दुकानात “किती जोरात मारतो?” हे नंतर विचारा. आधी स्वतःला विचारा, “हा चालूच राहिला तर काय होईल?” आता एकेक पार्ट याच प्रश्नावर तपासू.

१. सोलेनॉइड. ठोका सर्वांत खरा, धोकाही सर्वांत जास्त. स्लिंगशॉट आणि बंपरसाठी चालेल, कारण तिथे ठोका क्षणभराचाच असतो. फ्लिपरचं तसं नाही. खेळणारा बटण दाबून धरतो. खऱ्या मशीनमध्ये त्यासाठी फ्लिपरच्या कॉइलला दोन वाइंडिंग असतात. एक मारण्यासाठी, जोरदार. दुसरी नुसती धरून ठेवण्यासाठी, हलकी. फ्लिपर वर पोचला की एक स्विच जोरदार वाइंडिंग बंद करतो. यामागचं फिजिक्स सोपं आहे. प्लंजर आत गेला की हवेची फट जवळजवळ संपते आणि थोड्या करंटमध्येही पकड राहते. करंट अर्धा केला की उष्णता एक चतुर्थांश होते. आपल्याकडे दोन वाइंडिंग नसतील तर पीडब्ल्यूएमने करंट कमी करता येतो. ‘पिनस्केप’ या कंट्रोलरमध्ये ‘फ्लिपर लॉजिक’ नावाची सोय याचसाठी आहे.

२. कॉन्टॅक्टर. मोठ्या मोटर चालूबंद करण्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये असतो तो. आपल्याला त्याच्या कॉन्टॅक्टशी काही देणंघेणं नाही, फक्त ‘टक्’ हवा. छोट्या कॉन्टॅक्टरची डीसी कॉइल काही वॅटच घेते आणि ती तासन्‌तास चालू राहण्यासाठीच बनवलेली असते. म्हणजे अडकला तरी फक्त कोमट होईल. ठोका सोलेनॉइडपेक्षा हलका, पण लाकडावर घट्ट स्क्रू केला तर तळहातापर्यंत पोचतो. आमच्या फ्लिपरला शेवटी हेच बसले.

हे घ्यायला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या लोहार चाळीत गेलो. मी नुसतं “२४ व्होल्ट” म्हणाले तर काउंटरवरच्या काकांनी विचारलं, “कॉइल एसी या डीसी?” हा प्रश्न लाखमोलाचा आहे. एसी कॉइलमध्ये करंट मुख्यतः इंडक्टन्समुळे मर्यादित राहतो. तिला तेवढाच डीसी दिला तर अडवायला फक्त तारेचा रेझिस्टन्स उरतो, करंट भरमसाट वाढतो आणि पुन्हा तोच जळका वास. २३० व्होल्टची कॉइल तर पेटीत आणूच नका. मुलं हात घालतात.

३. शेकर मोटर. मोटरच्या शाफ्टवर एका बाजूला जड असं वजन बसवलं की अख्खी पेटी थरथरते. बळाचं सूत्र आपण पहिल्या वर्षालाच शिकतो: वस्तुमान गुणिले त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. २०० ग्रॅम वजन, ३ सेंटिमीटर त्रिज्या, मिनिटाला १५०० फेरे, म्हणजे सुमारे १४८ न्यूटन. जवळजवळ १५ किलोचा धक्का! वेग अर्धा केला की ३७ न्यूटन. चाळीत तेवढा पुरतो. पूर्ण वेगात चालवल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या मांडणीतली भांडी वाजली होती. लाकडी तळमजला नाही बाबा, लाकडी तक्तपोशी आहे ती, ठोका थेट खाली जातो. पेटीच्या पायांखाली जाड रबर ठेवा. अडकून चालू राहिली तर मोटर जळण्यापेक्षा वजन सुटून उडण्याची भीती जास्त, म्हणून तिला पत्र्याचं बंद कव्हर हवंच.

४. वायपर मोटर. जुन्या गाड्यांच्या पार्टच्या दुकानात स्वस्तात मिळते, म्हणून बरेच जण हिचाच शेकर करायला जातात. हिच्यात गिअर असतात, वेग मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या आसपास. वरच्या सूत्रात घालून बघा: ०.१३ न्यूटन. यापेक्षा डासाला हाकलताना जास्त जोर लागतो. मात्र खेळातली एखादी यंत्रणा सरकते तेव्हाच्या ‘घर्रर्र’ आवाजासाठी ही उत्तम. जाम झाली तर करंट प्रचंड वाढतो, तेव्हा फ्यूजशिवाय लावू नका.

५. ट्रान्सड्यूसर. पडदा नसलेला स्पीकर समजा. लाकडाला चिकटवला की लाकूडच थरथरतं. ठोका खरा नसतो, पण आवाज ॲम्प्लिफायरच्या बटणाने कमी करता येतो. अडकण्याचा प्रश्न जवळजवळ नाहीच. हॉस्टेलवर रात्री अकरानंतर खेळायचं असेल आणि रेक्टरसरांशी संबंध चांगले ठेवायचे असतील तर हाच घ्या.

शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह

आता आत्याच्या प्रश्नाचं उत्तर. प्रत्येक कॉइलला समांतर १एन४००७ डायोड उलटा लावा, म्हणजे कॉइल बंद होताना उसळणारं व्होल्टेज मॉस्फेटला मारणार नाही. मॉस्फेट लॉजिक लेव्हलचा घ्या, उदाहरणार्थ आयआरएलझेड४४एन. दिसायला सारखाच असलेला आयआरएफझेड४४एन ५ व्होल्टवर पूर्ण उघडेलच असं नाही. अर्धवट उघडा मॉस्फेट तापतो, आणि मॉस्फेट मरतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो. म्हणजे कॉइल पुन्हा कायमची चालू.

शिट्टी म्हणजे ५५५ टायमर. ४७ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड लावले की सुमारे ५२ मिलिसेकंदांचा ठोका मिळतो. पण एक मेख आहे. ट्रिगरची पिन खालीच राहिली तर ५५५ चं आउटपुटही चालूच राहतं. म्हणून ट्रिगरला सिग्नल कपॅसिटरमधून द्या, पिनला वर खेचणारा रेझिस्टर लावा. मग कॉम्प्युटर रात्रभर हँग राहिला तरी ठोका एकदाच बसतो.

सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे फ्यूज. मॉस्फेटच शॉर्ट झाला तर ५५५ काही करू शकत नाही. २ ॲम्पिअरच्या कॉइलला १ ॲम्पिअरचा स्लो-ब्लो फ्यूज लावा. छोटे ठोके तो सहन करतो, सलग २ ॲम्पिअर सहन करत नाही. प्रत्येक कॉइलला वेगळा फ्यूज. सगळ्यांना मिळून एकच लावलात तर तो इतका मोठा घ्यावा लागतो की एकटी कॉइल जळाली तरी त्याला पत्ता लागत नाही.

खरेदीला जाताना चिठ्ठीवर लिहून न्या

१. कॉइल एसी की डीसी, किती व्होल्ट?
२. रेझिस्टन्स किती? (मल्टिमीटर सोबत न्या, वॅट तिथेच काढा.)
३. ड्यूटी सायकल किती? सलग किती वेळ चालू राहू शकतो?
४. मोटरचा वेग शाफ्टवर किती, गिअरनंतर किती?
५. अडकला तर कोण थांबवणार? या प्रश्नाचं उत्तर दुकानदाराकडे नसतं, आपल्याकडे असावं लागतं.

आमचं मशीन चतुर्थीला सुरू झालं नाही. सगळं उघडून पुन्हा वायरिंग करायला तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी संध्याकाळी, खेळ चालू करण्याआधी, मी आत्याला बोलावलं आणि तिच्यासमोर मुद्दाम कॉम्प्युटरची वायर ओढली. एक ‘टक्’ झाला आणि सगळं शांत. मग एका आउटपुटचा मॉस्फेट तारेने शॉर्ट केला. थोड्या वेळाने फ्यूज उडाला. आत्याने कॉइलला बोट लावून बघितलं, मान हलवली आणि गॅलरीत रांग लावून उभ्या असलेल्या पोरांना म्हणाली, “या रे.”

तो जळका बॉबिन माझ्या हॉस्टेलच्या टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलाय. ज्याला बघायचा असेल त्याने खुशाल यावं.