दोनदा भाजलेले बिस्किट आणि पुण्याची हवा

बिस्कोटी म्हणजे मैदा, साखर, अंडी आणि सुकामेवा यांचे घट्ट पीठ लांबट वळकटीच्या आकारात एकदा भाजून, तिचे तिरके काप पाडून, ते काप पुन्हा भाजून कोरडे केलेले इटालियन बिस्किट होय. टस्कनीतील प्रातो या गावी अंतोनिओ मात्तेई यांनी १८५८ साली थाटलेल्या बेकरीमुळे त्याचे जे रूप प्रसिद्ध झाले, त्यात लोणी किंवा तेल नसते. पिठाला लागणारा ओलावा अंड्यांतून येतो आणि स्निग्धता असते ती बलकाची व सालासकट घातलेल्या अख्ख्या बदामांची. हे बिस्किट कडक असल्याने तिकडे ते विन सांतो नावाच्या गोड वाइनमध्ये बुडवून खातात, तर पुण्यात ते चहाच्या कपात जाते, आणि यात नवल करण्यासारखे काही नाही, कारण बेकरीतला टोस्टही पाव भाजून, त्याचे काप करून, ते पुन्हा भट्टीत वाळवूनच तयार होतो.

पुण्यातील घरांना बिस्किटे नवी नाहीत, पण ती भाजण्याची जबाबदारी मात्र नवी आहे. घराघरांत ओव्हन येण्यापूर्वी मे महिन्याच्या सुटीत किंवा दिवाळीच्या तोंडावर रवा, मैदा, तूप आणि पिठीसाखर घेऊन जवळच्या बेकरीत जायचे, तेथे नानकटाई करून घ्यायची आणि पत्र्याचे डबे भरून घरी आणायचे, अशी रीत होती. आच किती, ट्रे केव्हा फिरवायचा, माल केव्हा उतरवायचा हे सारे भट्टीवाला ठरवी. ओटीजी, म्हणजे वर-खाली तापणाऱ्या दांड्यांची छोटी विजेची भट्टी, ओट्यावर आल्यावर हा निर्णय घरच्या माणसाकडे आला. शिवाय येथील जिभेला बिस्किटाची जी कल्पना ठाऊक आहे ती नानकटाईची आणि कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर १९५५ पासून चालत आलेल्या कयानी बेकरीच्या श्रूजबेरीची, म्हणजे भरपूर स्निग्धतेमुळे तोंडात विरघळणाऱ्या बिस्किटाची आहे. घरी बिस्कोटी करणाऱ्यांच्या हातून होणारी पहिली गफलत येथूनच उद्भवते: मूळ कृती ‘फार कोरडी’ वाटते आणि तिच्यात सढळ हाताने लोणी पडते. स्निग्ध पदार्थ मैद्याच्या कणांना वेढतो, त्यामुळे पिठाला चिवटपणा देणारे ग्लुटेन, म्हणजे गव्हातील प्रथिनांचे जाळे, नीट बांधले जात नाही. नानकटाईला हे हवेच असते, पण बिस्कोटीची वळकटी सुरीखाली यायची असल्याने तिच्यात हेच झाले की कापांऐवजी भुगा हाती येतो. लोण्याची चव हवीच असेल तर २५० ग्रॅम मैद्याला ४० ग्रॅमच्या पुढे जाऊ नये, काप थोडे जाड ठेवावेत आणि बाजारातले खारे टेबल बटर वापरल्यास वेगळे मीठ घालू नये.

पायाभूत प्रमाण सोपे आहे: २५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम पिठीसाखर, दोन अंडी, सव्वाशे ग्रॅम बदाम, अर्धा चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ. या प्रमाणात पाणी किती आहे, हे स्वादाचे प्रयोग करणाऱ्याने एकदा मोजून पाहावे, कारण पुढचे बहुतेक अपयश या एका हिशोबात दडलेले असते. दोन अंड्यांतून सुमारे ६५ ते ७० ग्रॅम पाणी येते, मैद्यात स्वतःचा ओलावा ३० ग्रॅमच्या आसपास असतो, आणि दोन भाजण्यांनी जे घालवायचे ते जवळजवळ एवढेच. आता हंगाम आहे म्हणून अर्धी वाटी, म्हणजे शंभर ग्रॅमभर, हापूसचा रस याच पिठात ओतला तर आणखी ८० ग्रॅमहून अधिक पाणी आत येते. पीठ सैल होते म्हणून मैदा वाढवला जातो, मैदा वाढल्याने गोडी आणि स्वाद दोन्ही पातळ होतात, वळकटी ट्रेवर पसरते, आणि इतके करूनही दुसऱ्या भाजणीत आंब्याचा सुगंध उडून जाऊन मागे उरतो तो फक्त पिवळेपणा. महाबळेश्वरच्या ताज्या स्ट्रॉबेरीची गत याहून वाईट, कारण तिच्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. पुरंदरचे ताजे अंजीर, कितीही मोह झाला तरी, असेच खावे. सुके अंजीर मात्र चालते, फक्त त्यातही बऱ्यापैकी ओलावा शिल्लक असल्याने त्याचे बारीक तुकडे करून, मैद्यात घोळवून आणि बदामांच्या निम्म्याने घालावे.

गुलकंद आणि गूळ यांचा प्रश्न निराळा आहे आणि तो अधिक फसवा आहे, कारण हे दोन्ही पदार्थ ओले दिसत नाहीत. गुळात साध्या साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात आणि या शर्करा हवेतले बाष्प शोषून घेतात. गुलकंदाचा पाकही याच जातीचा. त्यामुळे गुळाची बिस्कोटी ओव्हनमधून निघताना उत्तम वाटते, दुसऱ्या दिवशी मऊ पडते आणि तिसऱ्या दिवशी चिवट होते. सगळ्या साखरेऐवजी गूळ घालण्यापेक्षा चौथा हिस्सा गूळ आणि बाकी साखर ठेवली तर खमंगपणा येतो आणि कुरकुरीतपणाही टिकतो. गुलकंदाऐवजी सुकलेल्या देशी गुलाबपाकळ्या चुरून घातल्या तर जे हवे होते तेच मिळते.

कोरडे, तेलयुक्त आणि तीव्र गंधाचे पदार्थ बिस्कोटीला मानवतात, आणि या बाबतीत मराठी स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा इटालियन फडताळापेक्षा उणा नाही. बडीशेप हा तर दोन्हीकडचा समान दुवा आहे, कारण तिकडेही या बिस्किटात बडीशेपेसारखाच सुवास असलेले अनिसाचे दाणे घालण्याची पद्धत आहे. अख्खी बडीशेप हलकी भाजून, भरड कुटून एक मोठा चमचा घातली तर दुसऱ्या भाजणीतही ती मागे हटत नाही. वेलची-पिस्ता, सुंठ-बदाम, जायफळ-काजू, संत्र्याच्या सालीचा वरचा रंगीत कीस आणि कॉफीची बारीक पूड ही भरवशाची मंडळी. केशर दुधात खलून घालण्याची सवय येथे सोडावी लागते. ते चमचाभर फेटलेल्या अंड्यातच भिजवावे. बेदाणे आणि चॉकलेट यांच्याविषयी मात्र सावध राहिलेले बरे. कापाच्या पृष्ठभागावर उघडा पडलेला बेदाणा दुसऱ्या भाजणीत करपून कडवट होतो, तर चॉकलेटचे तुकडे गरम वळकटीत सुरीबरोबर फरफटत जातात. म्हणून तयार, थंड बिस्कोटी वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवणे श्रेयस्कर, आणि तेही एप्रिलमध्ये नव्हे, कारण कोकोतील स्निग्धांश ३४ अंशांच्या सुमारास वितळतो आणि पुण्याच्या दुपारी तेवढी उष्णता स्वयंपाकघरात सहज असते. जिरे, मिरे, ओवा घालून साखर वगळलेली खारी बिस्कोटी करण्याचा उत्साहही पुष्कळांना असतो. परंतु बिस्कोटीचा काचेसारखा ठिसूळ कडकपणा साखरेमुळेच येत असल्याने साखर गेली की जे उरते तो टोस्ट असतो, आणि टोस्ट बेकरीवाला अधिक चांगला आणि स्वस्त करतो.

बिनअंड्याच्या बिस्कोटीची मागणी या शहरात, विशेषतः श्रावणात आणि चातुर्मासात, मोठी असते आणि ती टाळण्याचे कारणही नाही. मात्र अंडे येथे केवळ ओलावा देत नाही, तर तापल्यावर घट्ट होऊन वळकटीला बांधून ठेवते, हे विसरून त्याच्या जागी तेवढेच दही घातले तर पाणी वाढते आणि बांधणी होत नाही. २५० ग्रॅम मैद्याला ७० मिलिलिटर दूध, दोन मोठे चमचे दुधाची भुकटी आणि ३० ग्रॅम लोणी हे प्रमाण बरे जुळते. अशी वळकटी पूर्ण गार झाल्याखेरीज तिला सुरी लावू नये. नाचणी किंवा ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसल्याने मैद्याचा चौथा भाग बदलण्यापलीकडे जाऊ नये, आणि अंडे व मैदा दोन्ही एकाच वेळी काढण्याचा प्रयोग तर करूच नये.

पहिली भाजणी १७५ ते १८० अंश सेल्सियसला २५ ते ३० मिनिटांची, पण ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत पुष्कळदा मोठा फरक असतो. त्यातच संध्याकाळी विजेचा दाब उतरतो, आणि तो दहा टक्क्यांनी घटला तर तापणाऱ्या दांडीची शक्ती सुमारे १९ टक्क्यांनी घटते, म्हणजे तीच कृती सकाळी आणि संध्याकाळी वेगवेगळा वेळ घेते. ओव्हनच्या आत ठेवण्याचा साधा तापमापक हा या छंदातला सर्वांत उपयोगी खर्च आहे. वळकटी १५ ते २० मिनिटे जाळीवर निवू द्यावी. घाईने कापली तर आतला ओला भाग सुरीला चिकटतो, तर अंड्याची वळकटी पार थंड करून कापली तर बदामाशी काप मोडतो. पाव कापण्याच्या दातेरी सुरीने, दाब न देता, सव्वा सेंटिमीटरचे काप पाडावेत आणि १५० अंशांवर दोन्ही बाजूंनी दहा ते बारा मिनिटे भाजावेत. या टप्प्यावर रंग हवा नसतो, फक्त पाणी जायला हवे असते, आणि गरम काप मऊच लागतो हे माहीत नसल्याने अनेकजण तो करपेपर्यंत आत ठेवतात. एक काप बाहेर काढून दहा मिनिटांनी मोडून पाहावा. टक्कन मोडला तर काम झाले, वाकला तर ट्रे पुन्हा आत.

एवढे सगळे साधले तरी जून ते सप्टेंबर ही परीक्षा वेगळीच असते. वितळून थंड झालेली साखर आणि स्टार्च बिस्किटात काचस्थितीत असतात, म्हणजे त्यांचे रेणू विस्कळीतच पण गोठलेले असतात. हवेतले थोडे पाणी शिरले की ही अवस्था मोडते आणि बिस्किट सादळते. एप्रिलच्या दुपारी पुण्याच्या हवेची सापेक्ष आर्द्रता बऱ्याचदा २५ टक्क्यांच्या खाली असते, तर जुलै-ऑगस्टमध्ये ती अनेक दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. म्हणून उन्हाळ्यात पंख्याखाली निवू दिलेले काप पावसाळ्यात तसे ठेवून चालत नाहीत. ओव्हन बंद करून, दार बोटभर उघडे ठेवून, आतच निववावेत आणि कोमट नव्हे तर पूर्ण थंड झाल्यावर लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. कोमट भरले तर त्यांचीच वाफ झाकणाखाली साचते. वेगवेगळ्या स्वादांचे डबे वेगळे असावेत, कारण सुक्या अंजिराच्या बिस्कोटीतला ओलावा शेजारच्या बडीशेपेच्या बिस्कोटीत उतरतो.

जे छंदाकडून विक्रीकडे वळतात त्यांना अन्नसुरक्षेची नोंदणी आवश्यक आहे, आणि पाकिटावरील खूण हा पुण्यात विशेष नाजूक विषय आहे: भारतीय नियमांनुसार अंडे मांसाहारी गणले जाते, तेव्हा अंड्याच्या बिस्कोटीला हिरवी खूण लावणे हा नुसता निष्काळजीपणा नसून नियमभंग आहे. गहू, दूध, अंडी आणि कवचाची फळे यांचा उल्लेखही लेबलवर हवा, कारण बदामाची किंवा अक्रोडाची अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते. बदामाचा उग्र स्वाद आणण्यासाठी जर्दाळूच्या कडू बिया कुटून घालण्याची हौस टाळावी. त्यांतील अमिग्डालिन या द्रव्यापासून पोटात सायनाइड तयार होते. अक्रोडातील तेल सर्वांत लवकर बिघडते, म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवावेत आणि वापरण्यापूर्वी एक चावून पाहावा. पावसाळ्यात सादळलेली बिस्कोटी १३० अंशांवर दहा मिनिटे ठेवली की पुन्हा कुरकुरीत होते. खवट झालेली मात्र कोणत्याही आचेवर सुधारत नाही, ती टाकून द्यावी.