तान्ह्या मुलाचे कान

‘ताट’ या लहानशा शब्दात दोन व्यंजने आहेत. ‘त’ उच्चारताना जिभेचे टोक दातांना लागते. ‘ट’ उच्चारताना ते मागे वळून टाळूला टेकते. मराठी वा हिंदी भाषकास हा भेद ऐकू न येणारा मनुष्य असू शकेल, अशी कल्पनाही करवत नाही. परंतु केवळ इंग्रजी ऐकत वाढलेल्या प्रौढास हे दोन्ही ध्वनी बहुधा एकच भासतात. त्याचे कान तर निर्दोष असतात. मग हा बहिरेपणा येतो केव्हा?

ज्यास बोलता येत नाही त्या अर्भकाला प्रश्न विचारावा कसा, हीच पहिली अडचण होती. १९७१ साली अमेरिकेत पीटर आयमस व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक व चार महिन्यांच्या मुलांच्या तोंडी रबरी चोखणी दिली. मूल जोराने चोखी, तेव्हा यंत्रातून एक ध्वनी उमटे. तोच तो ध्वनी ऐकून मूल कंटाळे व चोखणे मंदावे. मग इंग्रजी ‘ब’च्या जागी ‘प’ ऐकविताच ते पुन्हा जोराने चोखू लागे! या दोहोंतील फरक एवढाच की, ओठ उघडल्यावर कंठातील नाद सुरू होण्यास ‘प’मध्ये सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग अधिक लागत होता. तेवढाच फरक ‘ब’च्याच दोन प्रकारांत ठेवला असता मूल त्याकडे लक्ष देईना.

१९८४ साली कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी ‘त’ आणि ‘ट’ हीच जोडी प्रयोगास घेतली. ध्वनी बदलताच मुलाने मान वळविली, तर त्यास दिवा लागून हलणारे खेळण्यातले जनावर दिसे. (मुलाला मांडीवर घेणाऱ्या आईच्या कानांत संगीत चालू ठेवीत, नाहीतर तिच्याच हालचालीवरून मूल ओळखावयाचे.) इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना हा हिंदी भेद ओळखता आला, दहा ते बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना. हिंदी घरांतील अकरा-बारा महिन्यांची मुले मात्र तो सहज ओळखीत. श्रवणशक्ती नष्ट झालेली नसते. घरच्या भाषेत ज्या भेदाने अर्थ बदलत नाही, तो सोडून देण्यास मूल शिकलेले असते.

हे शिक्षण नुसत्या आवाजाने होत नाही. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन मुलांशी चिनी भाषक व्यक्ती बारा वेळा खेळल्या-बोलल्या, तेव्हा त्या भाषेतील भेद मुलांना ओळखता आले. तेच बोलणे दूरचित्रवाणीवर दाखविले, तेव्हा काहीच लाभ झाला नाही.

जन्मतः कमी ऐकू येणारे मूलही हसते, हुंकार देते. त्यामुळे घरच्यांस शंका येत नाही आणि हे मोलाचे वर्ष निसटते. म्हणून पहिल्या महिन्यात श्रवणतपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान व सहाव्यापर्यंत उपाययोजना, असा क्रम तज्ज्ञांनी घालून दिला आहे.