मंगळवारी स्टेडियम कसं भरलं?

गिऱ्हाईक आणि फॅन यांतला फरक आज कोल्डप्ले या रॉक बँडकडून शिकू.

जानेवारी 2025. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर (आपलं आकुर्डीचं कॉलेज नव्हे हं!) 18 आणि 19 तारखेचे शो हाऊसफुल्ल झाले, म्हणून 21 ला तिसरा ठेवला. वार मंगळवार. तोही भरला! गाणी मोबाईलवर फुकट ऐकता येतात, तरी रावेतचा फॅन रजा टाकून, किवळ्याला एक्स्प्रेसवे पकडून जातो. कशासाठी?

तिथे प्रत्येकाला लाइटचा मनगटी पट्टा देतात. गाण्याच्या तालावर हजारो हात एकदम उजळतात. शेवटच्या रांगेतला माणूसही शोचा भाग होतो. पट्टे जाताना परत घेतात, म्हणजे पुढच्या शोला तेच कामाला.

डिस्काउंटवर आलेलं गिऱ्हाईक समोर दोन रुपये कमी दिसले की गेलंच. त्यापेक्षा त्याला कामात घ्या. केक विकता? बर्थडेवाल्या पोराला त्याचं नाव स्वतः लिहू द्या. अक्षर वाकडं येईल, येऊ दे.

आणि हो, तिकीट न मिळालेले फॅन जाम चिडले होते. रीसेलला भाव लाखांत गेले. दिवाळीत माल कमी पडणार असेल, तर जुन्या गिऱ्हाइकांचा आधी बाजूला काढा, त्याच भावात.