शोभेच्या माशांचा व्यापार : टाकी बदलताना घ्यावयाची काळजी

शोभेच्या माशांच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात हा व्यवसाय चांगला रुजला आहे. कोलकाता आणि चेन्नईजवळील कोळत्तूर येथून माल येतो आणि येथून तो गावोगावच्या दुकानांत जातो. या धंद्यात नुकसान होते ते बहुधा मासा एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना. कापडाचा तागा महिनाभर पडून राहिला तरी बिघडत नाही. डिस्कस किंवा कार्डिनल टेट्रासारखा नाजूक मासा तासाभराच्या चुकीने जातो. म्हणून या एका कामाचे शास्त्र प्रत्येक दुकानदाराने समजून घेणे जरुरीचे आहे.

मासा का दगावतो?

डिस्कस हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मासा आहे, तर कार्डिनल टेट्रा रिओ नेग्रो नदीच्या काळसर पाण्यातील. तेथील पाणी हलके, आम्लधर्मी व कोमट असते. आपल्याकडील बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पाण्याचे तापमान, क्षार आणि सामू म्हणजे पीएच एकदम बदलले की माशाच्या शरीराचा तोल जातो. तो त्याच दिवशी मरेलच असे नाही. पुष्कळदा तीन-चार दिवसांनी रोग धरतो आणि दुकानदाराला वाटते की मालच खराब आला.

दोन प्रसंग, दोन रीती

मासा पिशवीत किती वेळ राहिला, यावर त्याला कसे सोडावे हे ठरते.

१) थोड्या वेळाचा प्रवास : मासा एका टाकीतून दुसरीत किंवा जवळच्या दुकानातून आणला असेल तर थेंब-पद्धत उत्तम. पिशवी १५ ते २० मिनिटे नव्या टाकीत तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान सारखे होते. नंतर मासा त्याच्या पाण्यासह स्वच्छ बादलीत घ्यावा. एअर पंपाच्या बारीक नळीला सैल गाठ मारून टाकीतील पाणी सेकंदाला दोन ते चार थेंब सोडावे. तासाभरात बादलीतील पाणी दुप्पट-तिप्पट झाले की मासा टाकीत सोडावा.

२) लांबचे पार्सल : येथे थेंब-पद्धत उलट घात करते. बंद पिशवीत माशाच्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया साठतो. पण त्याच्या श्वासातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्लधर्मी होते व अमोनिया बऱ्याच अंशी निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच हा वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. सामू १ अंशाने वाढला तर विषारी भाग सुमारे १० पट होतो. अशा पाण्यात मासा तासभर ठेवणे म्हणजे त्याला विषात ठेवणे होय. म्हणून पार्सल येण्यापूर्वीच, पाठविणाऱ्याला त्याच्या पाण्याचा सामू व तापमान विचारून तसे पाणी वेगळ्या टाकीत तयार ठेवावे. पिशवी न उघडता तरंगवावी. तापमान जुळले की उघडून मासा लगेच सोडावा. पुढे आठवडाभर थोडे थोडे पाणी बदलून त्याला आपल्या पाण्याची सवय करावी.

दोन्ही प्रसंगी पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये.

आधीची तयारी

पाठविण्यापूर्वी माशाला एक दिवस उपाशी ठेवावे. पाणी कमी घाण होते. पिशवीत एक भाग पाणी व दोन भाग ऑक्सिजन असावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मारण्यासाठी बाजारात मिळणारे ॲण्टिक्लोरीन म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट. आमच्या कापडधंद्यात ब्लीच केलेल्या कापडातील उरलेला क्लोरीन काढण्यास हाच क्षार वापरतात.

नवी टाकी धुऊन-पुसून चकचकीत असली तरी तिच्यात अमोनिया पचविणारे जिवाणू नसतात. ते तयार होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. निरोगी जुन्या टाकीतील चालू स्पंज फिल्टर नव्या टाकीत बसविल्यास हे काम लवकर होते.

माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर हे त्याचे चिलखत आहे. डिस्कसची पिले तर जन्मल्यावर आईबापांच्या अंगावरील हाच थर खाऊन वाढतात. खरखरीत जाळीने हा थर निघतो व जखमेतून रोग शिरतो. शक्यतो वाडग्याने, पाण्यासकट मासा उचलावा.

सोडल्यानंतर

दिवे बंद ठेवावेत. पहिला दिवस खाऊ घालू नये. नवा माल दोन ते तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. त्या टाकीची जाळी व बादलीही वेगळी असावी. डिस्कस काळा पडणे, पंख मिटून राहणे, कल्ले जोरात हलणे, अंगावर पांढरे ठिपके दिसणे ही आजाराची लक्षणे होत.

येथे दुकानदाराच्या इमानाची परीक्षा आहे. आज आलेला मासा आजच विकला तर मरणाचा तोटा ग्राहकाच्या घरी जातो आणि पैसा आपल्या गल्ल्यात राहतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला असता आत ओल लागली. तेव्हा त्यांनी विक्रेत्याला भिजलेले धान्य वर ठेवण्यास बजावले, जेणेकरून लोकांना दिसावे. टाकीतील माशालाही हीच शिकवण लागू आहे. मासा केव्हा आला, कोणत्या पाण्यात आहे, आजारी आहे की नाही, हे ग्राहकाला न विचारता सांगावे. शिवाय मासा मुका जीव आहे. तो आपल्या ताब्यात असेपर्यंत अल्लाहची अमानत आहे आणि तिच्याबद्दल जाब द्यावा लागणार आहे.

दोन-तीन आठवडे माल अडकतो, जागा अडते, हे खरे. पण ज्याच्या दुकानचा मासा घरी जाऊन जगतो, त्याच्याकडे ग्राहक दुसऱ्यांदा येतो. हलाल रोजीतील बरकत ती हीच.